लिश्टनस्टाइनचं एक वर्ष: छोट्या संस्थानाचा कारभार कसा चालतो

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधोमध, ऱ्हाईन नदीच्या उजव्या काठाला लागून लिश्टनस्टाइन नावाचं संस्थान आहे. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास, गावं एकूण ११. राजधानी फाडुट्स, पण लोकसंख्येने सगळ्यात मोठं गाव शेजारचं शान. १८६८ मध्ये सैन्य मोडीत काढलं, ते पुन्हा उभं केलं नाही. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडबरोबर जकातीचा करार झाला, त्यामुळे चलन स्विस फ्रँक आहे आणि ऱ्हाईनवरच्या पुलांवर कोणी गाडी अडवत नाही.

बाहेरच्या जगाला हा देश बँका आणि पोस्टाची तिकिटं यांच्यामुळे माहीत असतो. त्याच्या कारभाराकडे फारसं कोणी पाहत नाही, आणि खरं तर तोच पाहण्यासारखा आहे. वंशपरंपरेने आलेला सत्ताधीश आणि थेट मतदानाने निर्णय घेणारे नागरिक, अशा दोघांच्या हातात इथली सत्ता आहे. दोघांनाही एकमेकांचा निर्णय अडवता येतो. ही ओढाताण कशी चालते ते कळायचं असेल, तर राज्यघटनेची कलमं एकेक करून वाचण्यापेक्षा तिथलं एक वर्ष समोर ठेवावं. कुठल्या तारखेला कोण बोलतं आणि कुठली मुदत कधी संपते, यावरच बरंचसं राजकारण ठरतं.

आधी माणसं ओळखून घेऊ. देशाचे प्रमुख ‘फ्युर्स्ट’. इंग्रजीतून आलेल्या ‘प्रिन्स’ शब्दामुळे आपल्याला राजाचा मुलगा डोळ्यासमोर येतो. इथे मात्र हा स्वतः राज्य करणारा संस्थानिक आहे. हान्स-आडाम दुसरे १९८९ पासून या पदावर आहेत, पण १५ ऑगस्ट २००४ पासून रोजचा कारभार त्यांचे थोरले चिरंजीव आलोइस प्रतिनिधी म्हणून बघतात. संसदेला लांडटाग म्हणतात. तिथे २५ सदस्य: दक्षिणेकडच्या ओबरलांड भागातून १५ आणि उत्तरेकडच्या उंटरलांडमधून १०. सरकारमध्ये पंतप्रधान धरून पाचच मंत्री असतात आणि दोन्ही भागांतून किमान दोन-दोन घ्यावेच लागतात. हा समतोल जुना आहे. १६९९ मध्ये लिश्टनस्टाइन घराण्याने शेलनबर्गची जहागीर विकत घेतली, १७१२ मध्ये फाडुट्सची, आणि १७१९ मध्ये सम्राटाने दोन्ही जोडून एक संस्थान केलं. जोड तीनशे वर्षांची झाली तरी दोन्ही बाजू आपापला वाटा मोजून घेतात.

वर्षाची सुरुवात लांडटागच्या उद्घाटनाने होते. प्रिन्सच्या फर्मानाशिवाय संसद बसत नाही. ते स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी येऊन भाषण करतात. त्याला सिंहासनाचं भाषण म्हणतात. ब्रिटनमध्ये राजा जे वाचतो ते सरकारने लिहून दिलेलं असतं. इथे प्रिन्स आपलं मत आपल्या शब्दांत मांडतात. पुढच्या वर्षात कुठला विषय त्यांना खटकणार आहे, याची चाहूल आमदारांना या भाषणातून लागते, म्हणून ते बारकाईने ऐकलं जातं. उद्घाटनाआधी फाडुट्सच्या चर्चमध्ये प्रार्थना होण्याची परंपरा आहे, कारण राज्यघटनेत कॅथलिक चर्चला देशाच्या चर्चचा दर्जा आहे. २०२३ च्या सुरुवातीला तेव्हाचे आर्चबिशप वोल्फगांग हास यांनी ही प्रार्थना घ्यायला नकार दिला होता, कारण लांडटागने समलिंगी विवाहाच्या बाजूने पाऊल टाकलं होतं. कायदा व्हायचा तो झालाच. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे.

दर चार वर्षांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये लांडटागची निवडणूक असते. तिथली मतपत्रिका आपल्या सवयीपेक्षा इतकी वेगळी आहे की ती नीट समजून घ्यायला हवी.

मतदाराच्या घरी पाकीट येतं. त्यात प्रत्येक पक्षाची वेगळी छापील यादी असते. ओबरलांडच्या मतदाराला १५ मतं असतात, उंटरलांडच्या मतदाराला १०. त्याने एकाच पक्षाची यादी निवडून पाकिटात घालायची. मात्र त्या यादीवर त्याला पेन चालवता येतं. नको असलेल्या उमेदवाराचं नाव खोडायचं आणि हवं तर त्या जागी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव लिहायचं. समजा, ओबरलांडमधल्या एकाने पहिल्या पक्षाची यादी घेतली, तीन नावं खोडली आणि दुसऱ्या पक्षाची दोन नावं लिहिली. मग दुसऱ्या पक्षाला २ मतं मिळाली आणि पहिल्या पक्षाला १३. बारा उरलेल्या नावांची, आणि तेरावं त्या रिकाम्या ओळीचं. खोडलेली जागा मोकळी सोडली तर ते मत वाया जात नाही, ज्याची यादी निवडली त्या पक्षाकडेच राहतं. नव्या मतदाराचा घोळ इथेच होतो. उमेदवार आवडला नाही म्हणून नाव खोडलं, तर फटका फक्त त्या उमेदवाराला बसतो; पक्षाला धडा शिकवायचा असेल तर दुसऱ्या पक्षाचं नाव लिहावं लागतं. एकच नाव दोनदा लिहिलं तर ते एकदाच धरतात. वेगवेगळ्या पक्षांच्या दोन याद्या एकाच पाकिटात घातल्या तर सगळं मतच बाद.

मतदान रविवारी दुपारी १२ पर्यंत असतं, पण बहुसंख्य लोक आधीच पोस्टाने मत पाठवतात. पोस्टाने पाठवताना मतदार-कार्डावर सही करायची राहिली की मत मोजलं जात नाही. कायद्याने मतदान हे नागरिकाचं कर्तव्य आहे, मात्र न केल्यास कोणी दंड करत नाही.

प्रत्येकाच्या हातात १० किंवा १५ मतं असल्यामुळे निकालाचे आकडे फसवे दिसतात. २०२१ मध्ये फाटरलेंडिशे उनियोन हा पक्ष प्रतिस्पर्धी फोर्टश्रिटलिशे ब्युर्गरपार्टाय या पक्षाच्या ४२ मतांनी पुढे होता. ओबरलांडच्या हिशेबाने ४२ मतं म्हणजे तीन मतपत्रिकाही पुऱ्या होत नाहीत. एका घरात राहणाऱ्या माणसांनी वेगळी यादी निवडली असती, तर देशातला पहिला पक्ष बदलला असता. दोघांनाही १०-१० जागा मिळाल्या आणि दोघांनी मिळून सरकार केलं, तशी तिथे दीर्घ परंपराच आहे.

९ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत चित्र बदललं. उनियोनने १० जागा राखल्या, ब्युर्गरपार्टाय ७ वर आली, ‘डेमोक्राटेन प्रो लिश्टनस्टाइन’ हा तुलनेने नवा पक्ष २ वरून ६ वर गेला आणि हरित विचारांच्या फ्राये लिस्टेला २ जागा मिळाल्या. संसदेत शिरायला देशभरात किमान ८ टक्के मतं लागतात. लहान गटांची वाट तिथेच अडते. एप्रिलमध्ये ब्रिगिटे हास पंतप्रधान झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्याच महिला. ज्या देशात बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क १९८४ मध्ये मिळाला, तोही १९७१ आणि १९७३ मध्ये पुरुषांनी दोनदा नाकारल्यावर आणि तिसऱ्या वेळी ५१.३ टक्क्यांच्या निसटत्या बहुमताने, तिथे ही घटना मोठीच म्हणायला हवी.

निवडणुकीचा हा मोसम बहुतेक वेळा कार्निव्हलच्या मोसमात मिसळून जातो. तिकडे त्याला फासनाख्ट म्हणतात. राखेच्या बुधवाराच्या (ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात तो दिवस) आधीच्या गुरुवारी रस्त्यात भेटेल त्याच्या तोंडाला काजळी फासतात, गावोगावी मुखवटे घातलेली पितळी वाद्यांची पथकं हिंडतात. राखेच्या बुधवारानंतरच्या पहिल्या रविवारी फुंकन. ही आपल्या होळीसारखीच मोठी आग. गावातली मंडळी कित्येक दिवस लाकूड जमवतात, मधल्या उंच खांबाभोवती ते रचतात आणि टोकाला कापडाची चेटकीण बांधतात. तिच्या पोटात फटाक्यांची दारू भरलेली असते. ज्वाळा वरपर्यंत पोचल्या की ती स्फोट होऊन उडते आणि थंडी पळाली असं मानतात. ती न उडता खाली कोसळली तर अपशकून. म्हणून रचाई करणारे खांब सरळ ठेवण्यावर जीव ओततात, आणि आदल्या रात्री राखणही करतात, कारण शेजारच्या गावची पोरं येऊन वेळेआधीच आग लावून जाण्याची भीती असते. खरा शत्रू मात्र फ्योन, आल्प्सवरून दक्षिणेकडून उतरणारा उबदार, कोरडा, सोसाट्याचा वारा. ऱ्हाईनच्या खोऱ्यात तो फार जोरात वाहतो. फ्योन सुटला असताना उघड्यावर आग लावणं म्हणजे गावाशी खेळ, म्हणून अशा वेळी फुंकन पुढे ढकलावं लागतं.

आता वर्षाचा मुख्य भाग: संसदेच्या बैठका आणि कायद्याचा प्रवास.

लांडटाग रोज भरत नाही. वर्षभरात ठरावीक महिन्यांत, दर वेळी दोन-तीन दिवस बैठक असते. कारण २५ पैकी बहुतेक सदस्य पोटापाण्यासाठी दुसरं काम करतात: कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी कारखान्यात. आमदारकी हा त्यांचा जोडधंदा आहे, त्यासाठी मानधन मिळतं. नोकरीमुळे किंवा आजारपणामुळे कोणी गैरहजर राहणार असेल, तर त्याच्या जागी बसायला पर्यायी सदस्य आधीच निवडून ठेवलेले असतात. एखाद्या पक्षाला मतदारसंघात मिळालेल्या दर तीन जागांमागे एक पर्यायी, आणि जागा एकच असली तरी एक. बैठकीला किमान दोन तृतीयांश सदस्य हवेत. सभागृहात सगळे एका मोठ्या गोल टेबलाभोवती बसतात, बाकांच्या समोरासमोर रांगा नाहीत. मंत्री संसदेचे सदस्य नसतात, पण हजर राहून उत्तरं देतात. प्रत्येक बैठकीत आमदार छोटे प्रश्न विचारतात आणि सरकारला त्याच बैठकीच्या शेवटापर्यंत उत्तर द्यावं लागतं. ‘माझ्या गावातल्या अमुक रस्त्याचं काय झालं’ अशा प्रश्नालाही मंत्री स्वतः उत्तर देतो. चाळीस हजारांच्या देशात तो रस्ता त्यालाही ठाऊक असतो.

कायदा कसा होतो ते टप्प्याटप्प्याने पाहू. सरकार मसुदा काढून आधी गावांची, संस्थांची, पक्षांची लेखी मतं मागवतं. मग तो अहवालासह लांडटागकडे जातो. पहिलं वाचन झाल्यावर बहुतेक वेळा काही महिन्यांचा अवकाश जातो, कारण उपस्थित झालेल्या शंकांना सरकार लेखी उत्तर तयार करतं. दुसऱ्या वाचनात कलमवार मतदान, नंतर अंतिम मतदान. इथे आपल्याकडचा आमदार सुटकेचा श्वास टाकेल, पण लिश्टनस्टाइनमध्ये खरी परीक्षा पुढे आहे. निर्णय जाहीर झाला की ३० दिवसांची घंटा सुरू होते. या ३० दिवसांत १,००० मतदारांनी सह्या केल्या तर कायदा लोकांच्या मतदानाला टाकावाच लागतो. विषय राज्यघटनेचा असेल तर १,५०० सह्या. ठरावीक संख्येने गावांनी एकत्र येऊनही अशी मागणी करता येते. लांडटागने एखादा निर्णय ‘तातडीचा’ ठरवला तर मात्र लोकांना हा मार्ग बंद होतो, म्हणून हा शिक्का सहसा जपून वापरतात.

नागरिकांना स्वतःचा कायदाही सुचवता येतो. आधी तो मसुदा राज्यघटनेत आणि आंतरराष्ट्रीय करारांत बसतो का, हे तपासलं जातं. मग सह्या गोळा करायला सहा आठवडे मिळतात. मतदारांची संख्या २१ हजारांच्या आसपास असल्यामुळे १,००० सह्या म्हणजे साधारण वीस जणांमागे एक. दुकानासमोर टेबल टाकून हे काम करणारा माणूस निम्म्या लोकांना नावाने ओळखतो. यात सोय आहे तशी अडचणही. सही करणारा सह्या मागणाऱ्याला ओळखतो, आणि कदाचित त्याचा मालक विरुद्ध बाजूचा असतो. सह्या गावाच्या कार्यालयातून पडताळून घ्याव्या लागतात. मतदानाचा हक्क नसलेल्याची सही गळते, म्हणून शहाणी समिती हजारापेक्षा बऱ्याच जास्त सह्या जमवते.

२०२४ या एका वर्षात हे यंत्र किती वेळा फिरलं ते पाहा. जानेवारीत घरांवर सौरपॅनेल सक्तीचे करण्याचा प्रस्ताव लोकांनी फेटाळला. २५ फेब्रुवारीला, सरकार थेट लोकांनी निवडावं या सूचनेला साधारण दोन तृतीयांश लोकांनी नकार दिला. २२ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत सामील व्हायला ५५.८ टक्क्यांनी होकार मिळाला आणि महिन्याभरात देश निधीचा १९१ वा सदस्य झाला. २७ ऑक्टोबरला मतदान होतं रेडिओवर.

हे शेवटचं उदाहरण जरा सविस्तर, कारण थेट लोकशाहीत निर्णय झाल्यावर काय होतं ते त्यातून स्पष्ट दिसतं. रेडिओ लिश्टनस्टाइन १९९५ मध्ये सुरू झालं आणि २००४ पासून सरकारी पैशावर चालत होतं. खर्च वाढतोय आणि ऐकणारे कमी, असं म्हणत डेमोक्राटेन पक्षाने रेडिओचा कायदाच रद्द करण्याची लोकसूचना आणली. ५५.४ टक्क्यांनी ती मंजूर झाली. सूचनेत रेडिओ खासगी हातात देण्याची वाट मोकळी ठेवली होती, आणि अनेकांनी त्याच भरवशावर होकार दिला असावा. खरेदीदार मात्र उभा राहिला नाही. ३ एप्रिल २०२५ ला प्रसारण थांबलं. त्याआधी २०२३ मध्ये १८७८ पासून चालणारं ‘लिश्टनस्टाइनर फोल्क्सब्लाट’ हे दैनिकही बंद पडलं होतं. वर्षातून इतक्या वेळा मतदान करणाऱ्या देशात आता एकच मोठं दैनिक उरलं आहे. मतदार ज्या माहितीवर निर्णय घेतात ती कुठून येणार, हा प्रश्न आमच्या मते तिथल्या कुठल्याही घटनात्मक वादाइतकाच गंभीर आहे.

लोकांनी मंजूर केलं तरी कायदा अजून पुरा झालेला नसतो. त्यावर प्रिन्सची सही लागते, आणि सोबत पंतप्रधानांची. सहा महिन्यांत प्रिन्सची सही झाली नाही तर कायदा नाकारला गेला असं धरतात. त्यासाठी नकाराचं पत्र लिहायलाही लागत नाही. गप्प राहणं पुरतं. लोकांनी स्वतः मतदानाने मंजूर केलेल्या कायद्यालाही हे लागू आहे. मग सही झालेला कायदा राजपत्रात येतो आणि अंमल सुरू होतो.

युरोपातल्या बहुतेक राजघराण्यांकडे अशी सत्ता व्यवहारात उरलेली नाही. इथे ती लोकांनी मतदान करून ठेवली आहे. २००३ मध्ये हान्स-आडाम यांनी नवी घटनादुरुस्ती लोकांसमोर ठेवली आणि ती नाकारली तर आपण देश सोडून ऑस्ट्रियात राहायला जाऊ, असं आधीच सांगितलं. ६४.३ टक्क्यांनी ती मंजूर झाली. सरकार बरखास्त करणं, संसद विसर्जित करणं, न्यायाधीशांच्या निवडीत निर्णायक शब्द, हे सगळं त्यात आहे. उलट बाजूने १,५०० मतदारांना प्रिन्सवर अविश्वासाचा प्रस्ताव आणण्याचा किंवा राजेशाहीच रद्द करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा हक्कही त्यातच आहे, आणि एखाद्या गावाला बहुमताने देशातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करता येते. ११ गावांच्या देशाने हे कलम लिहून ठेवावं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

वसंतात आणि शरदात एक वेगळीच घटना घडते: राहण्याच्या परवान्यांची सोडत. देश युरोपीय आर्थिक क्षेत्रात १९९५ पासून आहे, पण जागा इतकी कमी की मुक्तपणे येऊन राहण्याच्या नियमातून त्याने सवलत मिळवली. या क्षेत्रातल्या नागरिकांसाठी वर्षाला नोकरदारांचे ५६ आणि नोकरी न करणाऱ्यांचे १६ परवाने, आणि त्यांतले निम्मे चिठ्ठ्या टाकून. स्विस नागरिकांचा कोटा वेगळा. भारतीयांना या सोडतीत भाग घेता येत नाही. म्हणूनच देशातले निम्म्याहून जास्त कामगार रोज सकाळी स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रियातून येतात आणि संध्याकाळी परत जातात. राहणाऱ्यांतही साधारण एक तृतीयांश परदेशी आहेत आणि त्यांना गावच्या निवडणुकीतही मत नाही. नागरिकत्व हवं तर तीस वर्षांचं वास्तव्य (वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचं प्रत्येक वर्ष दुप्पट धरून), नाहीतर दहा वर्षांनंतर गावकऱ्यांच्या मतदानातून पास होणं. शिवाय जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. ही अट शिथिल करण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२० मध्ये ६१.५ टक्क्यांनी पडला.

मे महिन्यात फुटबॉल चषकाचा अंतिम सामना. देशात स्वतःची लीग नाही, क्लब स्विस लीगमध्ये खेळतात. पण चषक जिंकणाऱ्याला युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीचं दार उघडतं. बहुतेक वेळा तो एफसी फाडुट्सच असतो.

१५ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन आणि लिश्टनस्टाइनचा राष्ट्रीय दिन एकाच तारखेला येतात, पण कारणं निराळी. त्या दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाचा कॅथलिक सण असतो, आणि १६ ऑगस्ट हा तेव्हाचे प्रिन्स फ्रांझ योझेफ दुसरे यांचा वाढदिवस. म्हणून १९४० मध्ये दोन्ही मिळून १५ तारीख ठरली. त्यांच्या मृत्यूनंतरही ती तशीच राहिली. काळ लक्षात घ्या: शेजारचं ऑस्ट्रिया १९३८ मध्ये नाझी जर्मनीने गिळलं होतं आणि याच वर्षी फ्रांझ योझेफ फाडुट्सच्या किल्ल्यात कायमचे राहायला आले होते. त्याआधी हे घराणं मुख्यतः व्हिएन्नात राहायचं. आपण वेगळा देश आहोत हे दाखवण्याची त्या वेळी फार गरज होती.

सकाळी किल्ल्याशेजारच्या कुरणावर समारंभ होतो. आधी प्रिन्सचं किंवा प्रतिनिधींचं भाषण, मग लांडटागच्या अध्यक्षांचं. राष्ट्रगीताची चाल ब्रिटिश राष्ट्रगीताचीच आहे, शब्द जर्मन. त्यानंतर सगळ्यांना किल्ल्याच्या बागेत खाण्यापिण्याचं आमंत्रण. एरवी किल्ला लोकांसाठी बंद असतो, कारण ते घर आहे. याच दिवशी सामान्य माणूस बागेत शिरून राजघराण्यातल्या लोकांशी दोन शब्द बोलू शकतो. दुपारनंतर फाडुट्सच्या मुख्य रस्त्यावर जत्रा, अंधार पडल्यावर डोंगरांवर मशाली आणि रात्री आतषबाजी. उन्हाळा कोरडा गेला असेल तर आगीच्या भीतीने मशाली आणि आतषबाजीवर बंदी येऊ शकते.

पण या दिवसाचा सार्वजनिक आयुष्यातला खरा वजनदार भाग म्हणजे सकाळचं भाषण. २०११ मध्ये सप्टेंबरला गर्भपातावर मतदान ठरलं होतं: विशिष्ट परिस्थितीत गर्भपात गुन्हा मानू नये, अशी लोकसूचना होती. आलोइस यांनी १५ ऑगस्टच्या भाषणातच सांगून टाकलं की मंजूर झाली तरी आपण सही करणार नाही. मतदानाला महिना बाकी होता. सूचना ५२.३ टक्क्यांनी पडली. नकार आधीच जाहीर झाल्यामुळे किती जणांनी मत द्यायचं टाळलं किंवा बदललं, हे मोजता येत नाही, पण त्यातून पुढची चळवळ उभी राहिली: लोकांनी मतदानाने घेतलेल्या निर्णयावर प्रिन्सला नकार देता येऊ नये. १ जुलै २०१२ ला त्यावर मतदान झालं आणि ७६.१ टक्के लोकांनी प्रिन्सचा अधिकार तसाच ठेवला. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं. तिथे मात्र अनेकांच्या मनात देशाचं अस्तित्व आणि घराणं वेगळं काढता येत नाही. शिवाय घराण्याची स्वतःची मालमत्ता आणि बँक आहे, त्यामुळे राजवाडा करदात्यांच्या पैशावर जगतो अशी तक्रारही उठत नाही. नकाराधिकार फार क्वचित वापरला जातो हे खरं. तरी तो आहे हे ठाऊक असल्यामुळे मसुदा लिहितानाच सरकार किल्ल्याचा अंदाज घेतं. न वापरलेली सत्ताही काम करत असते, हे २०११ च्या त्या भाषणाने उघड केलं.

सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर डोंगरावर चरणारी गुरं खाली गावात उतरतात. सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईला फुलांचा मुकुट आणि रंगवलेलं लाकडी हृदय बांधतात. ते हृदय नंतर गोठ्याच्या दारावर मिरवतं. कळपावर त्या उन्हाळ्यात अपघात ओढवला असेल तर गुरं बिनसजावटीची उतरवायची, अशी आल्प्समधली जुनी रीत.

नोव्हेंबरच्या बैठकीत पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर होतं, तर सरलेल्या वर्षाचे हिशेब जूनमध्ये पाहिलेले असतात. वर्षअखेरीस लांडटागचं सत्र बंद होतं. नवं उद्घाटन होईपर्यंत संसद नसते, पण कारभार थांबून चालत नाही, म्हणून अध्यक्ष आणि चार सदस्य, दोन ओबरलांडचे आणि दोन उंटरलांडचे, अशी पाच जणांची समिती तिची जागा घेते. देशावर कायमचं बंधन टाकणारा निर्णय मात्र ती घेऊ शकत नाही.

या कारभाराशी आपलाही एक धागा जुळला आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनस्टाइन या चार देशांच्या एफ्टा गटाने भारताबरोबर १० मार्च २०२४ ला नवी दिल्लीत व्यापार करार केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू आहे. त्या करारालाही फाडुट्सच्या गोल टेबलावरून जावं लागलं. शानमध्ये मुख्यालय असलेल्या हिल्टी कंपनीची ड्रिल यंत्रं भारतातल्या बांधकामांवर चालतात, तेव्हा हे संस्थान वाटतं तितकं लांब नाही.

प्रत्यक्ष जायचं असेल तर शेंगेन व्हिसा लागतो आणि तो स्विस दूतावासामार्फत मिळतो. देशात विमानतळ नाही. झ्युरिकहून रेल्वेने झारगान्स किंवा बुख्स गाठायचं आणि तिथून बस. १५ ऑगस्टला समारंभ पाहायचा तर राहण्याची सोय बरीच आधी करा. ८ सप्टेंबर, ८ डिसेंबर असे अनेक कॅथलिक सण तिथे सुट्टीचे असतात. नदीपलीकडच्या स्विस गावात त्या दिवशी दुकानं उघडी असतील आणि फाडुट्समधली बंद, हे प्रवास आखताना तारखा बघूनच ठरवा.